पोस्टापाशी थांबतात

महाबळेश्वर हे गाव म्हटलं तर एका डॉक्टरी चिठ्ठीवर वसलेलं आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना आजारी गोऱ्या शिपायांना हवापालटासाठी पाठवायला थंड जागा हवी होती. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून त्यांनी ती मिळवली, बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं, आणि १८२८-२९च्या सुमारास डोंगरावर माल्कमपेठ उभी राहिली. म्हणजे ‘हवा बदला’ हा सल्ला आधी आला. चणे, चिक्की आणि चपला मागाहून आल्या. शेजारच्या पाचगणीत १९१२ साली डॉ. बिलिमोरियांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर काढलं. आमच्या बाजारपेठेच्या मुख्य रस्त्याचं नावही डॉ. साबणे रोड. इतकं सगळं वैद्यकीय वातावरण असूनही या गावात चोख नोंद ठेवली गेली ती पावसाची. त्याची मोजमापं एकोणिसाव्या शतकापासून मिळतात. १८८५च्या सातारा गॅझेटिअरात बघा, पाऊस आहेच. जुलै २०२१मध्ये चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर कोसळला, हे तर इथला कोणीही टपरीवाला चहा गाळता गाळता सांगेल. पण त्याच जुलैत माझ्या आत्याचं बीपी किती होतं, हे आत्यालाही सांगता येत नाही.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आता कॉम्प्युटर येणार आहे. डॉक्टर सत्तरीच्या पुढचे. त्यांची सून एम.डी. होऊन दवाखान्यात बसायला लागली आणि पहिल्याच पावसाळ्यात तिने केसपेपरच्या कपाटाकडे बोट दाखवून विचारलं, “बाबा, हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं का?”

डॉक्टर म्हणाले, “घे की. आधी वाचून दाखव.”

हा काही विनोद नव्हता. डॉक्टरांचं अक्षर लागणारी गावात दोनच माणसं आहेत. एक कंपाउंडरकाका आणि दुसरा खालच्या मेडिकलचा मालक. खुद्द डॉक्टर तिसरे, पण ते वाचत नाहीत. कागद हातात घेतला की त्यांना आठवतं.

ते कपाट एकदा बघण्यासारखं आहे. लोखंडी, हिरव्या रंगाचं, तळाला गंजलेलं. पावसाळ्याचे चार महिने त्यात चाळीसचा एक बल्ब दिवसरात्र जळत असतो, म्हणजे कागदांना ओल धरू नये. महाबळेश्वरात पावसाळ्यात घरांच्या भिंतींना गवताच्या झडी बांधतात, कपड्यांना बुरशी येते, मीठ पाणी होतं. तिथे केसपेपरची काय कथा. बल्बच्या उबेला दरवर्षी एखादी पाल बाळंत होते. पेपर नावाने लावलेले नाहीत, घराने लावलेले आहेत. एका घराचे सगळे पेपर एका रबरात. आणि घरं वाडीप्रमाणे. रबर उन्हाळ्यात तुटतात आणि मग दोन वाड्यांचं रक्त एक होतं, पण कंपाउंडरकाका ते संध्याकाळपर्यंत पुन्हा वेगळं करतात.

घराने लावायचंही कारण आहे. आमच्या तालुक्यात आडनावं मोजकी. भिलारात भिलारे, आणि इतरत्र जाधव, मोरे, शिंदे, कदम असं फिरून फिरून तेच. सूनबाईंनी कॉम्प्युटर विकणाऱ्या पोराला नमुना दाखवायला सांगितलं, तेव्हा त्याने आत्मविश्वासाने काही नावं भरली आणि ‘संगीता जाधव’ शोधून दाखवली. पडद्यावर एकाखाली एक अशा कितीतरी संगीता आल्या. त्यातल्या दोघींच्या नवऱ्याचं नावही एकच. कंपाउंडरकाका हे बघत उभे होते. ते म्हणाले, “घोडेवाली पाहिजे का लाँचवाली?” वेण्णा तळ्यावर नवऱ्याचे घोडे आहेत ती घोडेवाली आणि तापोळ्याला नवरा लाँच चालवतो ती लाँचवाली. या दोन रकान्यांची सोय त्या प्रणालीत नव्हती. पोरगा म्हणाला, “रिमार्क्समध्ये टाका.” पुढे माझ्या लक्षात आलं की डॉक्टरांचं सगळं डॉक्टरीपण बहुधा रिमार्क्समध्येच जाणार आहे.

उदाहरण देतो. आमच्या आळीतले एक आप्पा आहेत, हृदयाचं दुखणं, वय बरंच. त्यांच्या जुन्या केसपेपरवर एका तारखेला नाडी, बीपी, औषधं आणि त्याखाली दोन शब्द: ‘पोस्टापाशी थांबतात’. सूनबाईंना वाटलं, आप्पा पोस्टात नोकरीला असावेत. डॉक्टरांनी खुलासा केला. आप्पा स्टँडवरून घरी चढत येतात, तेव्हा पोस्टापाशी त्यांना धाप लागते आणि कट्ट्यावर टेकावं लागतं. गोळी बदलल्यावर पुढच्या नोंदीत ‘मशिदीपर्यंत येतात’. मग ‘थेट घरी’. आणि अलीकडची नोंद, ‘स्टँडवरच बसले. रिक्षा.’ चार ओळींत एका हृदयाचा सगळा इतिहास आहे, आणि त्याला लागलेलं यंत्र म्हणजे आमच्या गावचा चढ.

कॉम्प्युटरमध्ये याला सोय आहे, नाही असं नाही. न्यूयॉर्कच्या हृदयरोग संघटनेने धाप लागण्याचे चार वर्ग करून ठेवलेत, जगभर तेच वापरतात. तिथे आप्पांच्या नावापुढे दोन, तीन किंवा चार टिचकवायचं. पुण्याच्या हृदयतज्ज्ञाला हा आकडा लगेच कळेल आणि ‘पोस्टापाशी’ मुळीच कळणार नाही, हे मला मान्य आहे. आप्पांना मात्र उलटं. त्यांना ‘वर्ग तीन’ म्हणाल तर ते जन्मभराचा अपमान मानतील. शाळेत ते पहिल्या वर्गात पास झाले होते.

तारखांचंही असंच. पडद्यावर ‘त्रास केव्हापासून’ असा रकाना, आणि तो तारीख दिल्याशिवाय पुढे सरकू देत नाही. आमच्याकडे माणसं अशी बोलत नाहीत.

“कवाधरनं दुखतंय मावशी?”

“स्ट्राबेरीची रोपं लावली न्हाय का, तवाधरनं.”

डॉक्टरांना हे पुरतं. रोपं पावसाच्या शेवटाला लावतात, म्हणजे दुखणं गणपतीच्या मागचं-पुढचं. शिवाय वाकून रोपं लावल्याने कंबर धरली, हे निदानही त्यातच आलं. सूनबाईंनी बिचाऱ्यांनी नमुन्यात पंधरा सप्टेंबर टाकलं. पंधरा सप्टेंबरला काय झालं, असं उद्या एखाद्या विमा कंपनीने मावशींना विचारलं तर त्या हात वर करतील.

आजारांना क्रमांक असतात हे मला याच निमित्ताने कळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीच्या दहाव्या आवृत्तीत घोड्यावरून पडून लागलं तर व्ही ८०. माकड चावलं तर ते डब्ल्यू ५५मध्ये, ‘इतर सस्तन प्राणी’ या सदरात. नुसतंच गळून गेल्यासारखं वाटत असेल तर आर ५३. ही यादी करणाऱ्यांनी आमच्या पॉइंटांवर एखादा सीझन काढला असावा अशी मला दाट शंका आहे. मे महिन्यात आमच्या दवाखान्यात येणारा पर्यटक या तीन क्रमांकांतच बसतो. फार तर घाट चढताना ओकलेली मुलं वेगळी.

आता इथवर वाचून तुम्हाला वाटेल की हा माणूस कागदाच्या बाजूने वकीलपत्र घेऊन बसलाय. तसं नाही. कपाटाचं कौतुक करायला मला काय जातं? मी अजून पसरणीच्या घाटातून आडवा होऊन उतरलेलो नाही.

महाबळेश्वरात दुखणं हाताबाहेर गेलं की माणूस खाली जातो. वाई, सातारा, नाहीतर पुणे. २०१४पासून १०८ची गाडी आहे, तिने कित्येक जीव वाचवलेत. पण गाडीत माणूस जातो आणि केसपेपर कपाटातच राहतो. आणि आमच्याकडे अशा वेळा दवाखान्याच्या वेळेत येत नाहीत. आमच्या शेजारच्या काकांना एका रात्री अर्धांगाचा झटका आला. खाली पोचल्यावर ड्यूटीवरच्या डॉक्टरने काकूंना विचारलं, “गोळ्या कोणत्या चालू आहेत?”

काकू म्हणाल्या, “एक पांढरी, आणि एक गुलाबी अर्धी.”

हे उत्तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक अपघात विभागात रोज दिलं जात असणार. पांढऱ्या गोळ्यांत रक्त पातळ करणारी गोळीही असते आणि साधी पित्ताचीही. झटका आलेल्या माणसाला गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यायचं की नाही हे त्या फरकावर ठरतं, आणि ते ठरवायला हातात तास असतात, दिवस नाही. काकूंच्या पर्सच्या कप्प्यात, देवीच्या अंगाऱ्याच्या पुडीबरोबर, रिकामी पट्टी सापडली म्हणून निभावलं. आमच्या डॉक्टरांच्या कपाटात हे सगळं सुरेख लिहिलेलं होतं. कपाट चाळीस किलोमीटर दूर होतं, कुलूपबंद, आत बल्ब जळत.

कागदाची दुसरी जागा म्हणजे आपल्या घरातली ती पिशवी. साडीच्या दुकानातली, जाड प्लॅस्टिकची, नाड्या असलेली. तिच्यात एक्स-रे, सोनोग्राफीचे काळे फोटो, लघवीचे रिपोर्ट, कोणाच्या तरी बारशाची पत्रिका आणि रेशनकार्डाची झेरॉक्स. ही पिशवी घेऊन माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिरजेला जात आली. डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथे १८९४ साली इस्पितळ उभं केलं, तेव्हापासून मिरजेची वाट आमच्या बाजूच्या आजारपणाला पाठ आहे. मिरजेच्या फाटकात पिशवी उघडायची, टेबलावर पालथी करायची आणि डॉक्टरांनी त्यातून आपल्याला हवं ते वेचायचं. जे नेमकं हवं ते घरी राहिलेलं असतं. मग रक्त पुन्हा तपासायचं, फोटो पुन्हा काढायचा, पैसे पुन्हा भरायचे. कॉम्प्युटरचा खर्च मोजणाऱ्यांनी हा खर्च मोजलेला मी कुठे पाहिलेला नाही. कारण तो दवाखान्याच्या वहीत लागत नाही, पेशंटच्या खिशातून परस्पर जातो.

आणि पाणी. महाबळेश्वरात पडतो तो पाऊस कृष्णेतून, वेण्णेतून, कोयनेतून खाली उतरतो आणि शेवटी सांगलीत जमा होतो. ऑगस्ट २०१९च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेने सत्तावन्न फूट ओलांडले. नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजून गेली, त्याची बातमी झाली. तळमजल्यावरच्या दवाखान्यांतले केसपेपर किती गेले याची बातमी कोण करणार? पुस्तक दुसरं मिळतं. पोस्टापाशी थांबणाऱ्या माणसाचा कागद गेला की गेला. म्हणून आमच्या सूनबाई ‘क्लाउड’ म्हणतात तेव्हा मला हसू येत नाही. आमच्या गावाला ढग म्हणजे काय ते पक्कं माहीत आहे, पण कागद ढगाच्या खाली ठेवण्यापेक्षा वर ठेवावा, हा विचार मला शहाणपणाचा वाटतो.

सरकारनेही हेच ठरवलंय. २७ सप्टेंबर २०२१ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यातून प्रत्येकाला ‘आभा’ नावाचा चौदा आकडी नंबर मिळतो. पुष्कळांची समजूत अशी की आपले सगळे रिपोर्ट दिल्लीत एका गोदामात जाऊन पडणार. तसं नाही. नोंद जिथे झाली तिथेच राहते. नंबर हा फक्त दोरा, आणि दोरा ओढायची परवानगी तुमची. तुम्ही हो म्हणालात तर साताऱ्याच्या डॉक्टरला महाबळेश्वरची नोंद दिसते, नको म्हणालात तर नाही. कागदावर योजना झकास आहे. (अशा वेळी आपण ‘कागदावर’ म्हणतो. सवय.)

फक्त हो म्हणायला ओटीपी लागतो. जावळी-महाबळेश्वरच्या घरांत तरणी माणसं मुंबईला. आईचं आधार मुलाच्या मोबाईलला जोडलेलं. आई इथे दवाखान्यात स्टुलावर, आणि ओटीपी वाजतो वाशीच्या मार्केटात, तिथे मुलगा डोक्यावर पोतं घेऊन उभा. त्याने पोतं उतरवून आकडा सांगेपर्यंत ओटीपीचा जीव जातो. दुसरा मागवावा तर इथली रेंज जाते. आमच्या तालुक्यात रेंज हा पॉइंटच आहे. तो बघायला डोंगराच्या टोकावर जावं लागतं.

या कॉम्प्युटरी नोंदींचा सगळ्यात जास्त जाच होतो तो सिस्टर आणि आशाताईंना. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या पल्याड, कांदाटीच्या खोऱ्यात, लाँचने जायचं, मग चढायचं, बाळाचं वजन करायचं. ते आधी रजिस्टरात. मग ॲपमध्ये. मग ॲप चाललं नाही तर रजिस्टराचा फोटो ग्रुपवर. गरोदर बाईसाठी एक पोर्टल, तिच्या बाळाच्या लसीसाठी दुसरं, क्षयासाठी निक्षय, अंगणवाडीत पोषणाचं आणखी वेगळं. एका आशाताईंनी मला सांगितलं, “दादा, पयल्यांदा आम्ही पेशंट बघायचो आन् लिवायचो. आता लिवतो, आन् टाईम उरला तर बघतो.” संगणकीकरणाचं एवढं नेमकं परीक्षण मी इंग्रजी अहवालातही वाचलेलं नाही. कागद गेला आणि कॉम्प्युटर आला, असं आपल्याकडे होत नाही. कॉम्प्युटर येतो आणि कागदही राहतो, कारण वरच्या साहेबाला सहीची प्रत लागते.

तरी निक्षयबद्दल एक चांगलं सांगायला हवं. क्षयाच्या रोग्याचं नाव त्यात गेलं की सकस आहाराचे पैसे त्याच्या बँकखात्यात येतात. २०१८मध्ये महिना पाचशे होते, २०२४च्या नोव्हेंबरपासून हजार झाले. नोंदीतून रोग्याच्या ताटात काहीतरी पडतं. जी नोंद पेशंटला काही परत देते ती तो स्वतःहून सांभाळतो. बाकीच्या नोंदी बघा, त्या कुणाच्या तरी महिनाअखेरच्या तक्त्यासाठी चाललेल्या असतात.

मोठ्या देशांनी हा खेळ आपल्या आधी खेळून बघितलाय. ब्रिटनने २००२ साली सगळ्या इस्पितळांना एका प्रणालीत आणायचा घाट घातला आणि अब्जावधी पौंड ओतून २०११मध्ये तो मोडीत काढला. अमेरिकेने २००९ला कायदा करून डॉक्टरांना पैसे देऊन कॉम्प्युटरपुढे बसवलं. ते बसले. २०१६ साली तिथल्या एका अभ्यासात दिसलं की पेशंटबरोबरच्या दर एका तासामागे डॉक्टरांचे जवळपास दोन तास कॉम्प्युटर आणि कारकुनीत जातात. पण मला त्या सगळ्या आकड्यांपेक्षा एक चित्र महत्त्वाचं वाटतं. सात वर्षांच्या एका मुलीने आपण डॉक्टरकडे गेलो ते रंगीत खडूंनी काढलं होतं. २०१२मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात ते छापून आलं. मुलगी तपासणीच्या टेबलावर, शेजारी आई, मांडीवर बाळ. आणि डॉक्टर? ते कोपऱ्यात, सगळ्यांकडे पाठ करून, कॉम्प्युटरवर टाईप करतायत. मुलीने ते तक्रार म्हणून काढलं असेल असं मला वाटत नाही. डॉक्टर असेच बसतात, असं तिला वाटत असावं.

गंमत म्हणजे पुढे तिथल्या डॉक्टरांनी टाईप करायला माणसं ठेवली, आणि त्यातलं पुष्कळसं काम भारतात आलं. रात्रपाळीला आपली पोरं-पोरी कानाला हेडफोन लावून अमेरिकन पेशंटांच्या दुखण्यांची कहाणी टाईप करतात. तिकडच्या अनोळखी आजीचा गुडघा इकडे व्यवस्थित नोंदवला जातो. टाईप करणाऱ्या पोरीच्या स्वतःच्या आजीचा गुडघा आमच्या डॉक्टरांच्या अक्षरात कपाटात आहे.

बरं, कॉम्प्युटर कधी पडत नाही असंही नाही. २३ नोव्हेंबर २०२२ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातलं एक नामांकित इस्पितळ सुमारे दोन आठवडे हाताने केसपेपर लिहीत होतं. जुलै २०२१ला आमच्याकडे घाटरस्ते खचले, लाईट गेली, फोन मेले, तेव्हा तर हल्लेखोराचीही गरज पडली नाही. त्या दिवसांत आमच्या डॉक्टरांनी मेणबत्तीवर पेशंट तपासले आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिले. ते कागद पुढे कपाटात गेले. गणपतीचं चित्र असलेला एक अजून आहे, पाठीमागे तिघांची डायबेटीस.

राहता राहिली गुप्तता. लहान गावात गुप्तता म्हणून जे असतं त्याला फारसा अर्थ नसतो, असं म्हणायची पद्धत आहे. कंपाउंडरकाका बाहेरच्या बाकाकडे बघून ओरडतात, “शुगरवाले कोण? या!” आणि शुगरवाले उठतात. पण हेच काका काही पेपर कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, डॉक्टरांच्या किल्लीत ठेवतात. कोणाची टीबी, कोणाचं मनाचं दुखणं, कुठल्या मुलीचं काय. ते पेपर ते स्वतःही काढत नाहीत. पाचगणीला कधीकाळी क्षयरोगी हवेसाठी येत, तेव्हा लोक त्यांच्या बंगल्यांवरून नाकाला पदर लावून जात. ती भीती घराघरांतून पुरती गेलेली नाही. २०२३ला आपल्याकडे डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, चांगलंच झालं. पण वरचा कप्पा कोणता हे कॉम्प्युटरला कोणी शिकवायचं? तिथे पासवर्ड असतो, आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर असतो.

आमच्या डॉक्टरांचं मत मी विचारलं. ते म्हणाले, “मी गेल्यावर हे कपाट कोण वाचणार?” यात खेद नव्हता, नुसती व्यवस्थेची चौकशी होती. आणि मला वाटतं, सगळा वाद इथेच मिटतो. डॉक्टरांना आठवतं तोवर कागदही नको आणि कॉम्प्युटरही नको. ज्या दिवशी आठवणारा माणूस खुर्चीवर नसेल, त्या दिवशी ‘पोस्टापाशी थांबतात’ हे दोन शब्द निरर्थक खुणा होतील. वैद्यक परिषदेचा २००२चा नियम सांगतो की डॉक्टरने दाखल रोग्यांची नोंद तीन वर्षं ठेवावी आणि रोग्याने मागितली तर बहात्तर तासांत द्यावी. आमच्याकडे साध्या केसपेपरची नोंदही पंचेचाळीस वर्षं ठेवली गेली आणि कोणी मागितली नाही. मागायची असते हेच कोणाला माहीत नाही.

तेव्हा माझं मत कॉम्प्युटरच्या बाजूने. सूनबाईंनी तो आणावा. मात्र टाईप त्यांनी करू नये. बारावी झालेली, मराठीत टाईप करणारी गावातली एखादी मुलगी शेजारी बसवावी, आणि कंपाउंडरकाकांना तिच्या मागे खुर्ची द्यावी, म्हणजे घोडेवाली आणि लाँचवाली एक व्हायच्या नाहीत. तिचा पगार हाच या सगळ्यातला खरा खर्च आहे आणि नेमका तोच कुठल्या विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये नसतो. एवढा खर्च झेपणार नसेल तर कॉम्प्युटर घेऊ नये. कारण मग त्याची किंमत डॉक्टरांची नजर देते, आणि आपण दवाखान्यात अर्धे बरे होतो ते त्या नजरेने. रिमार्क्सचा रकाना मोठा ठेवायला सांगावा. प्रिंटर घ्यावा, आणि प्रत्येक पेशंटच्या हातात मराठीत छापलेला कागद द्यावा. इन्व्हर्टर तर घ्यावाच. कपाटातला बल्ब चालू ठेवावा.

आणि तुम्ही, वाचणारे. आभाचा नंबर काढायला पैसे पडत नाहीत, काढून ठेवा, स्वतःच्या मोबाईलवर काढा, मुलाच्या नको. पण त्यावर विसंबून घाट उतरू नका. एक पोस्टकार्डाएवढा कागद घ्या, त्यावर आपली दुखणी, कोणतं औषध सोसत नाही ते, आणि रोजच्या गोळ्या लिहून पाकिटात ठेवा. घरच्यांनाही ठेवायला लावा. गोळ्यांची नावं लिहा, रंग लिहू नका.